ओटिस, अकापुल्को : उरलेल्या तासांचा तक्ता (प्रकल्प नोंदी)

५ जुलै २०२५

काम ठरले. कोकणात होमस्टे चालवणाऱ्यांच्या आमच्या मंडळाला दिवाळीच्या हंगामाआधी वादळाच्या तयारीवर एक बैठक घ्यायची आहे. त्या बैठकीसाठी भिंतीवर लावता येईल असा मोठा तक्ता मी आणि माझी भाची मिळून करणार. चित्र तिचे, आकडे आणि मजकूर माझा. विषय मुद्दाम लांबचा घेतला : मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचे अकापुल्को, आणि २५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर तिथे धडकलेले ओटिस हे हरिकेन, म्हणजे तिकडचे चक्रीवादळ.

निसर्ग चक्रीवादळ का नाही, असे मंडळात विचारले गेले. निसर्ग इथे प्रत्येकाने अंगावर घेतले आहे. त्याचा विषय निघाला की जो तो आपल्या वाडीतले पडलेले माड आणि पोफळी सांगू लागतो, आणि ते साहजिक आहे. पण ३ जून २०२० ला टाळेबंदी होती, खोल्या रिकाम्या होत्या. खोल्या भरलेल्या, अंगणात पाहुण्यांच्या गाड्या, स्वयंपाकघरात तीस माणसांचे जेवण, आणि समुद्रावर वादळ : हे आपल्याला करून माहीत नाही. अकापुल्कोला माहीत आहे. साडेसात लाखांवर वस्तीचे शहर, अर्धवर्तुळाकार उपसागराच्या कडेने उंच हॉटेलांची रांग, मागे डोंगरउतारावर कामगारांच्या वस्त्या, आणि सगळ्यांचे पोट पर्यटनावर.

तक्त्याचा कणा आजच ठरवला. वादळ कितव्या श्रेणीचे होते हे बाजूला छोट्या अक्षरात. मधोमध मोठ्या अक्षरात उरलेले तास, आणि त्या त्या तासाला किनाऱ्यावरच्या माणसाला काय सांगितले गेले होते ते.

६ जुलै २०२५

मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राची नोंदवही उतरवून घेतली. पूर्व पॅसिफिकमधल्या प्रत्येक वादळाची तीत दर सहा तासांची एक ओळ असते : तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, सततच्या वाऱ्याचा वेग, मध्यावरचा दाब, आणि कोणत्या दिशेला किती लांबवर किती जोराचा वारा. किनाऱ्याला लागल्याची ओळ मध्येच वेगळी घातलेली असते. ओटिससाठी ती ओळ जागतिक वेळेनुसार ०६४५ ची आहे.

वेग नॉटमध्ये, म्हणून १.८५२ ने गुणून किलोमीटर, आणि पुढे जवळच्या दहावर आणायचे. मूळ नोंदच पाच-पाच नॉटच्या टप्प्यांत असते. तिच्यातून २५९.३ सारखा आकडा काढून छापला तर वाचणाऱ्याला नसलेली अचूकता दिसेल.

वेळ अकापुल्कोच्या घड्याळाचीच ठेवायची. मेक्सिकोने बहुतेक देशात उन्हाळी वेळ २०२२ मध्ये बंद केली, त्यामुळे जागतिक वेळेतून सरळ सहा तास वजा. धडक : २५ तारखेची रात्र, पाऊण वाजता. आपल्याकडे तेव्हा दुपारचे सव्वाबारा, दसऱ्याचा दुसरा दिवस. त्याच दोन दिवसांत अरबी समुद्रातले तेज चक्रीवादळ येमेनला लागले होते आणि बंगालच्या उपसागरातले हमून बांगलादेशाकडे चालले होते. आपले लक्ष तिकडे होते. त्या आठवड्यात ओटिसचे नाव इथे फार कुणी ऐकले नसणार.

भाचीने एक चांगली गोष्ट सुचवली : सूर्यास्तानंतरचे तास गडद निळ्या पट्टीत दाखवायचे, उजेडाचे पिवळ्या. ऑक्टोबरच्या शेवटी अकापुल्कोला सहा वाजून गेले की थोड्याच वेळात सूर्य मावळतो. म्हणजे शेवटचे साडेसहा तास निळ्या पट्टीत जातात. घरावरचे पत्रे बांधणे, होडी ओढून वर घेणे, म्हाताऱ्या माणसाला शाळेत नेऊन बसवणे, ही उजेडाची कामे आहेत.

९ जुलै २०२५

वाऱ्याच्या वेगाची रेषा काढली. २२ ऑक्टोबरला वादळ तयार झाले तिथून ती जवळजवळ आडवी चालते, आणि शेवटच्या दिवशी उभी उठते. चोवीस तासांत ताशी ८० किलोमीटरवरून २७० वर. चोवीस तासांत ५५ किलोमीटरची वाढ झाली तरी हवामानशास्त्रात तिला 'झपाट्याने वाढ' म्हणतात. ओटिसने त्याच्या तिपटीहून जास्त केली. पूर्व पॅसिफिकच्या नोंदींत याहून वेगाने वाढलेले एकच वादळ आहे, २०१५ चे पॅट्रिशिया.

दोन आकडे वेगळे ठेवायचे. २४ च्या रात्री नऊ वाजता कमाल जोर, ताशी २७० किलोमीटर. किनाऱ्याला लागताना किंचित उतरून २६०, दाब ९२९ मिलिबार. ही दुसरी जोडी केंद्राच्या नंतरच्या फेरतपासणीतली, त्या रात्रीच्या पत्रकातली नाही. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचे हरिकेन लागल्याची ही पहिली ज्ञात नोंद.

शेजारी एक छोटी चौकट : वेग दुप्पट झाला की भिंतीवरचा वाऱ्याचा दाब चौपट होतो. ८० चा वारा आणि २६० चा वारा यांत दाब साधारण दहापट. एवढे लिहिले की ज्याने पत्र्याचे हूक स्वतः ठोकले आहेत त्याला पुढचे सांगावे लागणार नाही.

१३ जुलै २०२५

आज दिवसभर 'का' या भागावर. तक्त्यात याला तळहाताएवढी जागा आहे, पण मंडळात हाच प्रश्न पहिला येणार.

समुद्राचे पाणी तीस अंशांच्या आसपास तापलेले होते. वादळाला लागणारी उष्णता आणि वाफ त्याला पायाखालीच मिळत होती. खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांची दिशा आणि वेग यांत मोठा फरक असला की वादळाचा उभा खांब कलतो, त्याचा शेंडा बाजूला ढकलला जातो आणि ते दुबळे होते. शेवटच्या दिवशी तो अडथळा मोडला. आणि वादळ आकाराने लहान होते. लहान वादळाचा गाभा लवकर आवळतो, जसा लवकर ढासळूही शकतो. हात पसरून गिरकी घेणाऱ्या मुलीने हात जवळ घेतले की तिची गिरकी वाढते, तशी त्याची वाढली.

हे सगळे मागे वळून सांगता येते. त्या दिवशी अंदाज देणाऱ्यांच्या हातात काय होते, ते जास्त महत्त्वाचे. २३ तारखेपर्यंत संगणकी प्रारूपे साधेसुधे वादळच किनाऱ्याला लावत होती. उपग्रहाच्या चित्रात डोळा उघडा दिसू लागला की जोर बराच नेमका ठरवता येतो, पण डोळा ढगांच्या चादरीखाली असेल तर ढगांच्या घडणीवरून अंदाज बांधावा लागतो, आणि वादळ इतक्या वेगाने वाढत असेल तर तो अंदाज मागे पडतो. समुद्रातल्या त्या पट्ट्यात तरंगती मापनयंत्रे फार विरळ. खरा आकडा मिळाला तो २४ तारखेला दुपारी, अमेरिकी हवाई दलाच्या राखीव तुकडीचे विमान वादळात शिरले तेव्हा. अंदाजापेक्षा वादळ कितीतरी जोरदार निघाले. पत्रके एकामागोमाग बदलत गेली, आणि रात्री केंद्राने दक्षिण मेक्सिकोपुढे दुःस्वप्नासारखी परिस्थिती उभी राहत असल्याचे लिहिले. सरकारी पत्रकाची भाषा सहसा इतकी उघडी नसते. लिहिणाऱ्याला तेव्हा ठाऊक होते की आता वाचणाऱ्याच्या हातात चार तासही नाहीत.

मजकुरात 'अचानक' हा शब्द घालायचा नाही. वादळ तीन दिवस नकाशावर होते, त्याचा रोख किनाऱ्याकडे होता हेही दिसत होते. ते किती वाढेल एवढेच कळले नव्हते. तक्त्यावर नेमके तसेच लिहायचे, कारण याच वाक्यावर पुढची तयारी उभी राहते. जोर कळण्याची वाट पाहणाऱ्याकडे शेवटी फक्त रात्र उरते.

१९ जुलै २०२५

सर्वांत जड भाग. कोण कुठे होते.

पाहुणे. त्या आठवड्यात अकापुल्कोत आंतरराष्ट्रीय खाण परिषद भरलेली होती, २४ तारखेलाच सुरू झालेली. देशोदेशीचे हजारो लोक हॉटेलांत उतरलेले. मेक्सिकोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्राडोर यांचा लोकांना सावध करणारा संदेश समाजमाध्यमावर आला तोवर रात्रीचे आठ वाजून गेले होते. उंच इमारतींवर वारा जमिनीपेक्षा जास्त असतो आणि तिथे भिंतींच्या जागी काचा. काचा गेल्या, आतल्या हलक्या भिंती गेल्या, छतातले पत्रे आणि तारा लोंबू लागल्या. माणसे न्हाणीघरांत आणि जिन्यांत दाटीने बसली, दाराला गाद्या लावून. सकाळी त्याच हॉटेलांचे नुसते सांगाडे उभे दिसत होते. राज्याच्या गव्हर्नरांनी सांगितले की ऐंशी टक्के हॉटेलांना तडाखा बसला.

कामगार. रात्रपाळीतली माणसे हॉटेलात पाहुण्यांपाशी आणि त्यांची घरे वर डोंगरउतारावर, पत्र्याच्या छपराखाली. या माणसांबद्दल नोंदी सर्वांत कमी सापडतात. काच फुटलेल्या हॉटेलाची छायाचित्रे पुष्कळ आहेत, छप्पर उडालेल्या खोलीची मोजकी. आमचे मंडळसुद्धा याच माणसांचे आहे : खोली झाडणारी, मासे साफ करणारी, पाहुण्याला जेट्टीवरून आणणारी. म्हणून तक्त्यात त्यांची पट्टी पाहुण्यांच्या पट्टीइतकीच रुंद ठेवायला भाचीला सांगितले.

खलाशी. हे वाचून काम थांबवावे लागले. उपसागरात शेकडो खाजगी नौका आणि सहलीच्या बोटी होत्या. वादळ येणार म्हटले की मालकाची नौका सांभाळायला कप्तान आणि खलाशी नौकेवरच थांबतात, इंजिन चालू ठेवून वाऱ्याला तोंड देतात. साध्या वादळात ते निभते. त्या रात्री निभले नाही. मृतांत आणि बेपत्तांत अशी माणसे बरीच होती. मायामीच्या केंद्राच्या अहवालात ५२ मृत्यू आणि ३२ बेपत्ता हे आकडे आहेत.

इथे आपली आठवण टाळता येत नाही. १७ मे २०२१, तौक्ते चक्रीवादळ, मुंबई हाय तेलक्षेत्राजवळची पी-३०५ ही तराफानौका. नांगर तुटले, नौका भरकटली आणि बुडाली. तिच्यावरची आणि वरप्रदा या ओढनौकेवरची मिळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. दोन्हीकडे माणसे समुद्रावर होती ती त्यांचे काम तिथे होते म्हणून. तक्त्याच्या खलाशी-पट्टीखाली ही एक ओळ येईल, जास्त काही लिहायचे नाही.

सकाळनंतरचे. वीज गेली, अकापुल्को ज्यात येते त्या ग्वेरेरो राज्यात पाच लाखांवर ग्राहकांची. फोन गेले, त्यामुळे उजाडले तरी कितीतरी वेळ शहरातून बाहेर बातमीच येत नव्हती. मेक्सिको सिटीहून येणारा महामार्ग दरडींनी अडलेला, विमानतळ बंद. पाणी आणि खाणे मिळेना तेव्हा दुकाने फोडली गेली. नुकसान १२ ते १६ अब्ज डॉलर, मेक्सिकोच्या इतिहासातले सर्वांत महागडे हरिकेन.

२२ जुलै २०२५

पॅट्रिशियाची तुलना एका ओळीत आटपायची. समुद्रावर कमाल वारा ताशी ३४५ किलोमीटर, ओटिसपेक्षा कितीतरी जास्त. पण २३ ऑक्टोबर २०१५ ला ते हालिस्को राज्यात विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर लागले, पुएर्तो वायार्ता आणि मान्सानियो या दोन्ही गजबजलेल्या गावांच्या मधून. शिवाय पर्यटकांना आधी हलवले होते. कमाल आकडा मोठा असूनही हानी कमी. तासांच्या तक्त्याला यापेक्षा चांगला आधार मिळणार नाही.

२७ जुलै २०२५

आपल्या बाजूचा रकाना. फक्त एक, आणि कोपऱ्यात.

भारतीय हवामान विभागाच्या चार पायऱ्या : बहात्तर तास आधी पूर्वसूचना, अठ्ठेचाळीस तास आधी सावधगिरीचा इशारा, चोवीस तास आधी चक्रीवादळाचा इशारा, आणि बारा तास आधी ते किनारा ओलांडून पुढे कुठे जाईल याचे पत्रक. बंदरावर बावटे. गावात अजूनही लोक 'तीन नंबर लागला' असेच म्हणतात, म्हणून रकान्यात श्रेणी न लिहिता बावटा काढला.

या पायऱ्या नीट मोकळ्या पडतात त्या वादळ दूरवर तयार झाले तर. निसर्ग १ जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचे तीव्र क्षेत्र होते, २ तारखेला चक्रीवादळ, ३ तारखेला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर. दोन दिवस. त्यांत इशारे वेळेवर आले, हजारो माणसे हलवली गेली, आणि वादळ भर दिवसा लागले. ओटिसकडेही जन्मापासून धडकेपर्यंत जेमतेम तीन दिवस होते, पण हरिकेनचा इशारा आणि धडक यांत साधारण एकच दिवस, आणि खरा जोर कळला तिथून धडकेपर्यंत एक संध्याकाळ. दोन्ही रेषा एका मापावर, एकाखाली एक काढल्या. भाचीने निसर्गची धडक पिवळ्या पट्टीत आणि ओटिसची निळ्या पट्टीत दाखवली. नुसते बघूनच कळते.

अरबी समुद्रातले वादळ पाचव्या श्रेणीचे होऊन कोकणात येईल, असे तक्ता म्हणत नाही. ते शीर्षकाखालीच लिहून टाकायचे. नाहीतर बैठकीचा सगळा वेळ त्याच भीतीत जाईल.

३ ऑगस्ट २०२५

कच्चा तक्ता मंडळातल्या काहींना दाखवला. बाहेर पाऊस, पडवीत दाटी.

सगळ्यांत नेमके बोलल्या त्या बारा खोल्या चालवणाऱ्या एक काकू. म्हणाल्या, "बाळा, तास बरोबर आहेत. पण माझ्या घरातून पाहुणे काढायला किती तास लागतात, ते यात कुठंय?" आणि बोटांवर मोजू लागल्या : पाहुणे किनाऱ्यावरून परत येणार, आवरणार, जेवल्याशिवाय निघणार नाहीत, पैशांचा हिशेब, मग गाडी, मग घाट, आणि घाटात झाड पडले असेल तर सगळे परत. सहा तास म्हणाल्या. त्यानंतर स्वतःचे घर. कौले, पंप, गोठा, सासूबाई.

त्यावरून तक्त्याला खाली एक रिकामी पट्टी जोडायचे ठरवले. प्रत्येकाने आपल्या घराचे तास तिथे पेन्सिलने भरायचे : पाहुणे हलवणे, घर बांधणे, स्वतः निघणे. बेरीज करून ती ओटिसच्या उजेडाच्या तासांशेजारी ठेवायची. आणि एक नियम सगळ्यांनी मिळून मान्य केला : पाहुण्यांना परत पाठवायचे ते जोराकडे न बघता, वादळाचा रोख आणि अंतर बघून. बुकिंगचे पैसे परत देण्यावरून थोडी वादावादी झाली. एक दादा म्हणाले, सीझनचे चार दिवस गेले तर वर्षाचा हप्ता जातो. ते खरेच आहे. त्यावर मंडळाने मिळून एक निधी ठेवावा असे सुचले. तो विषय बैठकीच्या कार्यक्रमात घालायला सचिवांना कळवले.

१० ऑगस्ट २०२५

ओटिसनंतरची दोन वादळे जोडायची की नाही यावर सकाळ गेली. जोडायची.

सप्टेंबर २०२४, जॉन. पुन्हा ग्वेरेरोचाच किनारा, पुन्हा झपाट्याने वाढ, अकापुल्कोच्या पूर्वेला मार्केलियाजवळ तिसऱ्या श्रेणीत जमिनीवर. मग ते विरले, समुद्रावर परत जमले आणि किनाऱ्याला घासत राहिले. अकापुल्कोत काही दिवसांत ९०० मिलिमीटरहून जास्त पाऊस. वर्षभरात उभी केलेली घरे आणि दुकाने पाण्यात. वाऱ्यासाठी केलेली तयारी पाण्याला पुरत नाही, हे आपल्या माणसांना सांगावे लागत नाही.

जून २०२५, एरिक. याच वर्षीचे, १९ तारखेला पहाटे वाहाका राज्याच्या पश्चिम भागात लागले, तिसऱ्या श्रेणीत. इतक्या लवकर, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीलाच, मेक्सिकोत एवढे मोठे हरिकेन लागल्याची आधी नोंद नाही. हेही झपाट्याने वाढले. पण या वेळी ती वाढ अंदाजातच होती. मोठे हरिकेन येणार हे किनाऱ्याला आधीच्या दिवशी माहीत होते. पुएर्तो एस्कोंदिदोसारख्या पर्यटनाच्या गावांना तयारीचा दिवस मिळाला. रेषा ओटिसच्या शेजारी काढली तर चढण हिचीही उभी दिसते, पण तिच्या आधीची पिवळी पट्टी लांब आहे. ही रेषा घातल्यामुळे तक्त्यात आशेलाही जागा मिळाली, आणि ती मोजता येणारी आहे.

ओटिस हे नाव जागतिक हवामान संघटनेने यादीतून काढून टाकले, त्याच्या जागी ओटिलिओ आले. हे तळटीपेत.

१८ ऑगस्ट २०२५

छपाईची प्रत तयार. सहा फूट रुंद, फ्लेक्स नको म्हणून कापडावर. गणपतीनंतर छापखान्यात जाईल, तोवर कुणाला मजकुरात काही खटकले तर बदलता येईल.

शेवटच्या फेरीतले बदल : 'उरलेले तास' हे आकडे आणखी मोठे, पडवीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता यावेत इतके. मृतांचा आकडा लाल रंगात नको, काळ्यातच. खलाशी-पट्टीवर नौकेचे चित्र होते, तिथे माणसाचे काढले. पेन्सिलने भरायच्या पट्टीत काकूंच्या म्हणण्यावरून 'म्हातारी माणसे आणि जनावरे' हा रकाना वेगळा.

बाकी राहिले ते जॉनच्या पावसाचे. दिवसागणिक पाऊस आणि उतारावरच्या वस्त्या असा वेगळा तक्ता लागेल, यात कोंबण्यात अर्थ नाही. मंडळाने हो म्हटले तर दिवाळीनंतर त्याला हात घालू.